यंत्राची विद्या व औषधांचा शोध

"संगणकानें नवें औषध शोधून काढलें" अशा अर्थाची वार्ता २०२० सालच्या फेब्रुवारी महिन्यांत जगांतील पुष्कळ वर्तमानपत्रांनीं छापली. ती वाचून कित्येकांच्या मनांत असें चित्र उभें राहिलें असेल कीं, कोपऱ्यांत ठेवलेल्या एका पेटीस कोणीं रोगाचें नांव सांगितलें आणि पेटींतून औषधाचें नांव बाहेर पडलें. वस्तुस्थिति तशी नाहीं. ती या चित्राहून पुष्कळच मनोरंजक आहे, व शाळेंत शिकणाऱ्या मुलांस समजण्यासारखीही आहे. म्हणून या अंकांत तिचें थोडें विवेचन करण्याचें योजिलें आहे.

प्रथम, नव्या औषधाची निकड कां भासली तें पाहूं. अनुकूल परिस्थितींत ई. कोलाय नांवाच्या जंतूची संख्या सुमारें वीस मिनिटांत दुप्पट होते. गणिताची आवड असलेल्या विद्यार्थ्यानें दोनाचा तिसावा घात काढून पाहावा. म्हणजे एका जंतूपासून दहा तासांत शंभर कोटींहून अधिक जंतु कसे होतात तें त्यास कळेल. एवढ्या मोठ्या प्रजेंत कांहींच्या अंगीं थोडेंफार वेगळेपण येणारच. आपण औषध घेतलें कीं दुबळे जंतु मरतात. औषधास पुरून उरणारा एखादा वांचतो, आणि पुढील सर्व वंश त्याचा होतो. पेनिसिलिनचे जनक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनीं १९४५ सालीं नोबेल पारितोषिक स्वीकारतांना दिलेल्या व्याख्यानांतच या गोष्टीचा इशारा देऊन ठेविला होता: अपुऱ्या मात्रेनें औषध घेणारा मनुष्य जंतूंस मारीत नाहीं, त्यांना शिकवितो. तो इशारा फारसा कोणीं मनावर घेतला नाहीं. २०१९ या एका सालीं जगांत सुमारें १२ लक्ष ७० हजार माणसें औषधांस दाद न देणाऱ्या जंतूंमुळें मृत्युमुखीं पडलीं, असा अंदाज २०२२ सालीं प्रसिद्ध झाला आहे.

मग नवीं औषधें कां शोधीत नाहींत? शोधीत होते. फ्लेमिंग यांस १९२८ सालीं लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयांत एका ताटलींतील बुरशीभोंवतीं जंतु विरघळलेले दिसले, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. तिचा पुढील भाग तितका प्रसिद्ध नाहीं. १९४१ च्या फेब्रुवारींत ऑक्सफर्ड येथें अल्बर्ट अलेक्झांडर या पोलिस शिपायास पेनिसिलिन टोंचण्यांत आलें. तो झपाट्यानें सुधारूं लागला. परंतु औषधाचा सांठा इतका अल्प होता कीं, रोग्याच्या मूत्रांतून तें परत काढून पुन्हां टोंचावें लागलें. शेवटीं तेंही संपलें, आणि मार्चमध्यें तो बिचारा वारला. त्यानंतर अमेरिकेंत वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेंत १९४३ सालीं मातींतील सूक्ष्मजीवापासून स्ट्रेप्टोमायसिन मिळालें, व जगभर लोक माती चाळूं लागले. आपल्याकडेही पुण्याजवळ पिंपरी येथें १९५४ सालीं स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्याच्या संशोधकांनीं मातींतील एका सूक्ष्मजीवापासून हॅमायसिन हें बुरशीनाशक औषध काढलें; त्या सूक्ष्मजीवाच्या शास्त्रीय नांवांत पिंपरी या गांवाचें नांव गोंविलेलें आहे.

पण ही खाण हळूहळू रिती झाली. नवी माती आणावी, महिनोन्महिने खपावें, आणि अखेर हातीं यावें तें पूर्वींच सांपडलेलें द्रव्य, असें वारंवार होऊं लागलें. शिवाय व्यापाराची अडचण आहे. मधुमेहाची गोळी रोग्यास जन्मभर लागते. जंतुनाशक औषध आठ-दहा दिवस पुरें होतें, आणि जें फार प्रभावी तें तर डॉक्टर राखून ठेवितात. अमेरिकेंतील अकेओजेन या कंपनीच्या नव्या औषधास २०१८ सालीं सरकारी मान्यता मिळाली, आणि २०१९ सालीं त्या कंपनीचें दिवाळें निघालें. अशा धंद्यांत पैसा घालण्यास कोण धजावेल?

याच सुमारास कॅनडांतील एक तरुण जीवरसायनशास्त्रज्ञ जोनाथन स्टोक्स हे हॅमिल्टन गांवच्या मॅकमास्टर विश्वविद्यालयांत डॉक्टरेट मिळवून अमेरिकेंत, मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या विख्यात संस्थेंत, जेम्स कॉलिन्स यांच्या प्रयोगशाळेंत दाखल झाले. येथें पालकांपैकीं कोणी विचारील कीं, डॉक्टरेट ही तर विद्येची शेवटची पदवी. ती मिळाल्यावर आणखी शिकावयाचें काय राहिलें? यास आपल्याकडील कारागिरांच्या भाषेंत 'उमेदवारी' हा फार चांगला शब्द आहे. डॉक्टरेट मिळविलेला मनुष्य एखादें काम स्वतंत्रपणें करूं शकतो एवढें सिद्ध झालेलें असतें. पुढें दोन-चार वर्षें तो दुसऱ्या एखाद्या प्रयोगशाळेंत जातो, बहुधा आपल्या विषयाहून निराळी विद्या जेथें नांदते अशा ठिकाणीं. तो विद्यार्थी नसतो आणि प्राध्यापकही नसतो. नोकरी मुदतीची, वेतन बेताचें, आणि पुढें कायमची जागा मिळेलच याची खात्री नाहीं. परंतु डोक्यावर शिकविण्याचा फारसा भार नसतो, आणि वयही धाडस करण्याचें असतें. आधुनिक शास्त्रांतील पुष्कळसें हातांचें काम हे उमेदवारच करितात, हें वर्तमानपत्रांत क्वचितच येतें.

स्टोक्स यांस जंतु ठाऊक होते. त्याच संस्थेंत रेजिना बार्झिले व टॉमी याकोला हे संगणकशास्त्राचे प्राध्यापक आणि त्यांचे विद्यार्थी रेणूंची रचना संगणकास कशी शिकवावी याचा अभ्यास करीत होते. या दोन विद्यांची गांठ पडली, हें या कथेचें खरें मूळ होय.

आतां 'यंत्रास शिकविणें' म्हणजे काय, तें नीट समजून घेतलें पाहिजे. रत्नागिरीचा आंब्याचा व्यापारी फळ हातांत घेऊन, किंचित् दाबून व देंठापाशीं हुंगून, हें परवां पिकेल कीं आठवड्यानें, तें सांगतो. त्यास नियम विचारा. धड सांगतां येणार नाहीं. हजारों फळें हाताखालून गेलीं, कांहीं अंदाज चुकले, आणि प्रत्येक चुकीनें हात थोडा सुधारला, एवढेंच त्याचें शास्त्र. संगणकाचें शिक्षण थेट असेंच चालतें. त्यास नियम सांगत नाहींत. उदाहरणें आणि त्यांचीं खरीं उत्तरें देतात. तो प्रथम वाटेल तें उत्तर देतो. चूक किती झाली तें मोजून त्याच्या आंतील असंख्य अंक किंचित् इकडेतिकडे सरकवितात, आणि हें लक्षावधि वेळां करितात.

म्हणून पहिला प्रश्न उदाहरणांचा. तीं आयतीं मिळालीं नाहींत. स्टोक्स यांनीं २,३३५ निरनिराळे रेणु जमविले. त्यांत माणसांस देण्यांत येणारीं मान्य औषधें होतीं, तसेंच वनस्पति, प्राणी व सूक्ष्मजीव यांपासून मिळणारीं द्रव्येंही होतीं. लहान लहान खळग्यांच्या ताटल्यांत ई. कोलाय जंतूंचें खाद्य घालून प्रत्येक खळग्यांत एकेक द्रव्य टाकलें. ज्या खळग्यांतील पाणी गढूळ झालें तेथें जंतु वाढले; जेथें तें निवळ राहिलें तेथें द्रव्यानें त्यांस रोखलें. गढूळपणा प्रकाशाच्या साहाय्यानें मोजतां येतो. २,३३५ पैकीं १२० द्रव्यें जंतूंची वाढ रोखणारीं ठरलीं. हेंच संगणकाचें पाठ्यपुस्तक. ज्यांस वाटतें कीं यंत्र आपल्या बुद्धीनें सर्व कांहीं करितें, त्यांनीं या ताटल्यांकडे पाहावें.

दुसरा प्रश्न असा कीं, संगणकास रेणु दाखवावा कसा? रसायनशास्त्राच्या तासास आपण फळ्यावर अणूंचीं अक्षरें काढून तीं रेघांनीं जोडतों. तसलीच आकृति संगणकास दिली जाते. एखाद्या आळींतील घरांची कल्पना करा. प्रत्येक घर म्हणजे एक अणु, आणि शेजारच्या घरास जोडणारी वाट म्हणजे बंध. पहिल्या फेरींत प्रत्येक घर आपली हकीगत फक्त शेजाऱ्यास सांगतें. दुसऱ्या फेरींत शेजाऱ्याच्या शेजाऱ्याची वार्ता येऊन पोंचते. अशा कांहीं फेऱ्या झाल्या म्हणजे प्रत्येक घरास आपल्या भोंवतालची बरीच माहिती होते, आणि सर्व घरांच्या हकीगती एकत्र केल्या म्हणजे साऱ्या आळीचें वर्णन अंकांच्या एका रांगेंत मिळतें. त्या रांगेवरून संगणक शून्य व एक यांच्यामधील एक अंक काढतो. अंक एकाजवळ आला तर द्रव्य जंतुनाशक असण्याचा संभव अधिक. कोणत्या हकीगतीस किती महत्त्व द्यावयाचें, तेंच तो उदाहरणांवरून शिकलेला असतो.

येथें एक धोका आहे, आणि तो विद्यार्थ्यांस सांगण्याची गरज नाहीं. त्यांच्या तो चांगल्या परिचयाचा आहे. तो म्हणजे पाठांतर. दिलेलीं सर्व उत्तरें मुखोद्गत करून संगणक शंभरांपैकीं शंभर गुण मिळवूं शकतो, आणि नवा प्रश्न येतांच गप्प बसतो. यास्तव कांहीं उदाहरणें त्याच्यापासून लपवून ठेवितात, व शिकवणी संपल्यावर त्यांवर परीक्षा घेतात. शिवाय या मंडळींनीं एका संगणकी नमुन्यावर विसंबून न राहतां असे वीस नमुने शिकविले, आणि त्या विसांच्या मतांची सरासरी घेतली. पंचांचा निर्णय म्हणा ना.

मग खरी कसोटी आली. बॉस्टननजीक ब्रॉड इन्स्टिट्यूट या संस्थेकडे ६,१११ द्रव्यांचा संग्रह होता. तीं बहुतेक कोणत्या ना कोणत्या रोगावरील औषध म्हणून पूर्वीं कोणीं तरी तपासावयास घेतलेलीं होतीं. संगणकानें त्या सर्वांस गुण दिले. सर्वांत वरच्या ९९ द्रव्यांची प्रयोगशाळेंत परीक्षा घेतली, तेव्हां ५१ द्रव्यांनीं जंतूंची वाढ खरोखरच रोखली. पण तेवढ्यावर न थांबतां स्टोक्स यांनीं अगदीं तळाचीं ६३ द्रव्येंही तपासलीं. त्यांतील दोनच कामास आलीं. प्रस्तुत लेखकास या साऱ्या प्रकरणांत हा त्रेसष्टांचा प्रयोग फार आवडतो. ज्यांना यंत्रानें टाकाऊ म्हटलें तीं खरोखरच टाकाऊ आहेत काय, हें पाहण्यांत कीर्ति नाहीं आणि वेळ मात्र जातो; परंतु तें पाहिल्यावांचून वरच्या ५१ चा अर्थही नीट लागत नाहीं.

त्या ५१ पैकीं एक द्रव्य उठून दिसलें. त्याची रचना प्रचलित जंतुनाशक औषधांशीं मुळींच जुळत नव्हती, आणि दुसऱ्या एका संगणकी नमुन्याच्या मतें तें माणसास फारसें विषारी असण्याचा संभव नव्हता. पूर्वीं मधुमेहाच्या संदर्भांत त्याचा अभ्यास होऊन तें मागें पडलें होतें. त्यास हॅलिसिन असें नवें नांव देण्यांत आलें. १९६८ सालच्या '२००१: ए स्पेस ओडिसी' या चित्रपटांत हॅल नांवाचा एक बुद्धिमान् संगणक आहे, त्यावरून हें नांव. तो हॅल चित्रपटांत अंतराळयानावरील माणसांच्याच जिवावर उठतो. तेव्हां जीव वांचविणाऱ्या औषधास हें नांव ठेवण्यांत शास्त्रज्ञांनीं थोडी थट्टा केली असावी.

हॅलिसिन कसें मारतें, हें समजण्यास धरणाचा दाखला बरा. लोणावळ्यास अडविलेलें पाणी घाटाखालीं खोपोलीस उतरतांना चक्रें फिरवितें व वीज देतें. जंतूही आपल्या पातळ वेष्टणाच्या बाहेरील बाजूस हायड्रोजनचे विद्युद्भारित कण ढकलून असाच एक चढ निर्माण करितो. ते कण परत आंत येतांना जें बळ मिळतें त्यावर त्याचा बराचसा संसार चालतो. हॅलिसिन हा चढच मोडून टाकतें. धरण फुटलें कीं चक्र थांबतें. आतां एखादें औषध जर जंतूच्या एकाच कुलपास बसणारी किल्ली असेल, तर कुलूप जरासें बदललें कीं किल्ली निकामी होते. पण सबंध वेष्टणाचा गुण बदलणें जंतूस इतकें सोपें नाहीं. प्रयोगही तसेंच सांगतो. ई. कोलाय जंतु तीस दिवस औषधाच्या सहवासांत ठेविले असतां, सिप्रोफ्लॉक्सॅसिन या प्रसिद्ध औषधास ते एक ते तीन दिवसांतच निर्ढावूं लागले. हॅलिसिनच्या बाबतींत महिना उलटला तरी तसें झालें नाहीं. क्षयाच्या जंतूंवरही तें चाललें. इराक व अफगाणिस्तान येथील अमेरिकन सैनिकांच्या जखमांत सांपडणारा ॲसिनेटोबॅक्टर बाऊमानी नांवाचा एक चिवट जंतु आहे. त्याच्या, कोणत्याच ज्ञात औषधास न जुमानणाऱ्या वाणानें बाधित झालेल्या उंदरांच्या कातडीवर हॅलिसिनचें मलम लावतांच चोवीस तासांत बाधा नाहींशी झाली. स्यूडोमोनस एरुजिनोजा या दुसऱ्या एका दांडग्या जंतूवर मात्र त्याचा प्रभाव पडला नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे.

त्यानंतर १० कोटी ७० लक्षांहून अधिक रेणूंची यादी संगणकापुढें ठेविली, व ती त्यानें तीन दिवसांत चाळली. इतकीं द्रव्यें हातानें तपासावयाचीं तर प्रयोगशाळेच्या पिढ्या लागल्या असत्या. त्यांतून २३ निवडून प्रत्यक्ष तपासलीं. आठ जंतुनाशक निघालीं. हें प्रमाण कोणास थोडें वाटेल, परंतु मातीच्या खाणीशीं तुलना केली म्हणजे त्याची किंमत कळते.

पण आंब्याच्या व्यापाऱ्याकडे पुन्हां एकदां वळूं. जन्मभर हापूस पारखलेल्यापुढें पायरी ठेवली तर त्याचा अंदाज चुकेल. संगणकाचेंही तेंच आहे: ज्या तऱ्हेचे रेणु व जो जंतु त्यानें पाहिला, त्याच्या आसपासच त्याची विद्या खरी. म्हणून स्टोक्स मॅकमास्टर येथें प्राध्यापक होऊन परतल्यावर, ॲसिनेटोबॅक्टर या जंतूसाठीं त्यांच्या मंडळीस शिकवणी नव्यानें मांडावी लागली. सुमारें ७,७०० द्रव्यें त्या जंतूवर तपासून संगणकास दिलीं. त्यानें सुचविलेल्या २४० द्रव्यांची छाननी होतां होतां नऊ उरलीं, व त्यांतून ॲबॉसिन हें द्रव्य पुढें आलें. तें २०२३ सालीं प्रसिद्ध झालें. त्याचा विशेष असा कीं, तें जवळजवळ त्या एकाच जंतूवर चालतें. आपल्या आंतड्यांतील उपयोगी जंतूंस तें सहसा धक्का लावीत नाहीं.

त्याच सालीं कॉलिन्स यांच्या प्रयोगशाळेंतील फेलिक्स वाँग या दुसऱ्या एका उमेदवार संशोधकानें आणि त्याच्या सहकाऱ्यांनीं एका जुन्या गाऱ्हाण्यास हात घातला. गणिताचे शिक्षक नुसत्या उत्तरास गुण देत नाहींत. ते विचारतात, 'रीत कोठें आहे?' संगणक उत्तर देत होता, रीत दाखवीत नव्हता. या मंडळींनीं सुमारें ३९,००० द्रव्यें स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जंतूवर तपासलीं, मानवी पेशींसही तीं बाधतात काय तें पाहिलें, आणि रेणूच्या कोणत्या भागामुळें आपण चांगला गुण दिला तें संगणकाकडून वदवून घेण्याची युक्ति वापरली. सव्वा कोटीच्या जवळपास रेणूंतून २८३ द्रव्यें प्रयोगास घेतलीं, व अखेर रचनेनें नवीन अशा एका द्रव्यकुलाचा शोध लागला. आपल्या मतें संगणकानें किती द्रव्यें चाळलीं यापेक्षां ही रीत उघड होणें ही मोठी प्रगति होय. कारण कारण कळलें म्हणजे रसायनशास्त्रज्ञ स्वतः पुढचें पाऊल टाकूं शकतो.

इतकें असूनही हॅलिसिन औषधाच्या दुकानांत मिळत नाहीं. उंदीर बरा झाला म्हणजे माणूस बरा होतोच असें नाहीं. मात्रा किती, पोटांतून रक्तांत तें पोंचतें काय, यकृतास बाधतें काय, हे प्रश्न निराळे. माणसांवरील परीक्षांच्या पायऱ्या चढण्यास कित्येक वर्षें आणि अगडबंब पैसा लागतो. अकेओजेनची हकीगत वर आलीच आहे. या वाटेवर संगणकाचा वेग फारसा उपयोगी पडत नाहीं.

आणखी एक अडचण अलीकडे पुढें आली. संगणकास यादींतून निवड करावयास न सांगतां, 'तूंच नवा रेणु रच' असें सांगितलें तर तो कागदावर सुंदर दिसणारे, पण कोणासही तयार करतां न येणारे रेणु रचतो. यावर काइल स्वॅन्सन यांनीं (हॅलिसिनच्या वेळीं हे मॅसॅच्युसेट्सच्या संस्थेंत होते), स्टॅनफर्ड विश्वविद्यालयांतील व स्टोक्स यांच्याकडील मंडळींसह एक तोड काढली, व ती २०२४ सालीं प्रसिद्ध केली. संगणकास सुमारें एक लक्ष तीस हजार तयार घटक व केवळ तेरा रासायनिक क्रिया दिल्या, आणि त्यांतूनच काय तें रचण्याची अट घातली; म्हणजे प्रत्येक रेणूबरोबर तो करण्याची कृतिही हातीं येई. अशा सत्तर कृति युक्रेनमधील एनामाइन या रासायनिक कंपनीकडे पाठविल्या. ५८ द्रव्यें तयार होऊन आलीं. त्यांपैकीं सहांनीं ॲसिनेटोबॅक्टरची वाढ रोखली. सहापैकीं चार पाण्यांत विरघळेनात. उरलेलीं दोन उंदरांस देऊन पाहिलीं, तेव्हां तीं विषारी दिसलीं नाहींत.